जॉर्ज बोवेन आणि अपोलो बंदरचे प्रार्थनामंदिर



औशासारख्या गावी, किल्ल्याच्या आणि नाथसंस्थानाच्या सावलीत उभे राहून मुंबईतल्या एका ख्रिस्ती प्रार्थनामंदिराविषयी बोलावयाचे, हा बेत ऐकून काही मित्रांच्या भुवया उंचावल्या. एकाने तर सरळच विचारले, "अहो, आपला त्याच्याशी संबंध काय?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मी व्याख्यानाच्या ओघात देणारच आहे. आरंभी एवढेच सांगतो की, या मंदिरावर ज्या माणसाचे नाव आहे तो माणूस मुंबईच्या वाळूत बसून एका मराठी संन्याशाशी मराठी माणसांसमोर साडेचार महिने वाद घालीत होता. हा वाद आपल्या एकोणिसाव्या शतकाच्या इतिहासातला एक ठळक प्रसंग आहे. असे असून आपण त्यातली एकच बाजू लक्षात ठेवली, ती म्हणजे आपली.

मुंबईला गेटवे ऑफ इंडिया पाहावयास आपण सर्वजण जातो. बोटी पाहतो, फोटो काढतो, चणे खातो आणि परततो. त्या भागात, अपोलो बंदराच्या गल्ल्यांत, बोवेन मेमोरियल मेथडिस्ट चर्च नावाचे एक प्रार्थनामंदिर आहे. शंभरांतल्या नव्याण्णव प्रवाशांची पावले तिकडे वळत नाहीत. ताजमहाल हॉटेलाच्या दिमाखापुढे त्याच्याकडे लक्ष जाण्याचे कारणही नाही. माझीही पहिली भेट योगायोगानेच घडली. पावसाची सर आली म्हणून आडोसा शोधीत होतो आणि पाटीवरचे नाव वाचून थबकलो. बोवेन! विष्णुबुवा ब्रह्मचाऱ्यांच्या चरित्रात ज्याला आपण 'मिशनरी प्रतिपक्षी' म्हणून ओझरता पाहिला होता, तोच हा.

मेथडिस्ट म्हणजे कोण, हे दोन शब्दांत सांगितले पाहिजे. इंग्लंडात अठराव्या शतकात जॉन वेस्ली (१७०३ ते १७९१) आणि चार्ल्स वेस्ली हे दोन भाऊ होऊन गेले. ऑक्सफर्डला शिकत असता त्यांच्या मंडळींचे उपासतापास, प्रार्थना, तुरुंगातल्या कैद्यांच्या भेटी असे सारे ठरल्या वेळी ठरल्या रीतीने चाले. म्हणून इतर विद्यार्थ्यांनी थट्टेने त्यांना 'मेथडिस्ट', म्हणजे पद्धतवाले, असे नाव ठेवले. थट्टेचे नाव पुढे पंथाचे झाले. १७३९ पासून जॉन वेस्ली उघड्या मैदानावर, कोळशाच्या खाणीतल्या मजुरांपुढे बोलू लागले, आणि त्याच साली ब्रिस्टल शहरात या पंथाची पहिली वास्तू उभी राहिली. चार्ल्स यांनी हजारो पदे रचली. प्रवचन, सामुदायिक पदगायन, आणि आठवड्यातून एकदा दहाबारा जणांनी जमून एकमेकांच्या आचरणाची विचारपूस करणे, ही या पंथाची तीन अंगे. ज्या गावाला चक्रीभजनाची परंपरा आहे, त्या गावाला रिंगणात उभे राहून गाण्याने माणसे कशी जोडली जातात हे मी सांगावयास नको. तुलना तंतोतंत जुळते असे माझे म्हणणे नाही. पण हे लोक केवळ ग्रंथ वाचून दाखवणारे पाद्री नव्हते, एवढे ध्यानात यावे.

मुंबईला या पंथाचे पहिले पाऊल लागले ते १८१४ साली, आणि तेही दुःखात. डॉक्टर टॉमस कोक हे वयोवृद्ध पुढारी काही तरुण प्रवचनकारांना घेऊन सिलोनकडे निघाले होते. ३ मे १८१४ रोजी जहाजावरच त्यांना मरण आले. म्होरक्याविना, हाती पैसा नसता ही तरुण मंडळी त्याच महिन्यात मुंबईस उतरली. गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांनी त्यांना आश्रय दिला आणि थोड्याच दिवसांत बहुतेकजण सिलोनला रवाना झाले. मुंबईत त्यांनी काही उभे केले नाही. हा प्रसंग मी सांगितला तो एवढ्यासाठी की, पुढे सत्तावन वर्षांनी जे घडले त्याला या बंदरात अगदीच पूर्वपीठिका नव्हती असे नाही.

आता बोवेन.

जॉर्ज बोवेन यांचा जन्म ३० एप्रिल १८१६ रोजी अमेरिकेतल्या व्हर्मांट प्रांतातील मिडलबरी येथे झाला. बाप व्यापारी. मुलाला व्यापारात रस नव्हता. भाषा, संगीत, नाटक, कादंबऱ्या यांतच जीव रमे. फ्रेंच, इटालियन, जर्मन अशा भाषा त्यांनी स्वतःच्या हौसेने आत्मसात केल्या, युरोप पालथा घातला, इजिप्तपर्यंत भटकून आले. धर्माच्या बाबतीत पक्के नास्तिक. मग एमा मॉरिस नावाच्या तरुणीवर त्यांचे मन जडले. तिला क्षयाने गाठले आणि १८४४ च्या आरंभी ती गेली. जाताना आपले बायबल त्यांच्यासाठी ठेवून गेली. ते बायबल ते वाचू लागले, केवळ तिची आठवण म्हणून. पुढे ग्रंथालयातून मागवलेल्या पुस्तकाऐवजी चुकून दुसरेच एक धर्मविषयक पुस्तक हाती आले, तेही वाचले, आणि या नास्तिकाचे मन पालटले. तुम्हीआम्ही याला योगायोग म्हणू. ते तसे म्हणत नसत. त्यानंतर चारच वर्षांनी, जानेवारी १८४८ मध्ये, अमेरिकन मिशनचे पाद्री म्हणून ते मुंबईच्या धक्क्यावर उतरले.

त्या काळी मुंबईतला पाद्री म्हणजे बंगला, नोकरचाकर, घोडागाडी आणि ठरलेला पगार. हवामान सोसावे, कुटुंब जगावे म्हणून ही व्यवस्था होती आणि तिच्यात पाप काही नव्हते. पण बाजारात उभे राहून मराठीत बोलू लागताच बोवेन यांच्या ध्यानात आले की, समोरचा माणूस आपला शब्द ऐकत नाही, आपला पगार मोजतो. "साहेबाला पैसे मिळतात म्हणून साहेब बोलतो," हा त्या श्रोत्याचा हिशेब. १८४९ मध्ये त्यांनी पगार सोडला आणि देशी वस्तीत एक लहानशी खोली घेऊन राहू लागले. शिकवणी करावी, मिळेल त्यात भागवावे, असा क्रम सुरू झाला. सहकारी पाद्र्यांना हे फारसे रुचले नाही. रुचणार तरी कसे? एकाने पगार सोडला की उरलेल्यांचा पगार डोळ्यांत भरतो. पुढे १८५५ मध्ये त्यांनी त्या मिशनचा राजीनामाच दिला. त्याआधी, १८५४ पासून, 'बाँबे गार्डियन' या साप्ताहिकाचे संपादन त्यांच्याकडे आले होते आणि ते त्यांनी मरेपर्यंत केले.

आपल्याकडे वैराग्याला मान आहे. भगवे न घालणारा, दाढीमिशा राखणारा, बाजारात राहणारा हा गोरा फकीर लोकांनी ओळखला. मान दिला, पण धर्म मात्र घेतला नाही. चाळीस वर्षांच्या खटपटीत बोवेन यांच्या हाती धर्मांतरे जवळजवळ आलीच नाहीत. त्यांच्या चाहत्यांनीही हे लपवलेले नाही.

अशा या माणसासमोर १८५७ साली विष्णुबुवा ब्रह्मचारी येऊन उभे राहिले.

विष्णु भिकाजी गोखले, जन्म १८२५, कुलाबा जिल्ह्यातल्या शिरवलीचे. बाप लहानपणीच गेलेला. दुकानात आणि पुढे कस्टम खात्यात नोकरी. मग सर्व सोडून सप्तशृंगीच्या डोंगरावर तपश्चर्या. शास्त्रीमंडळींजवळ बसून रीतसर अध्ययन त्यांनी केले नव्हते. बुद्धी उपजत आणि वाणी तलवारीसारखी. ते मुंबईस आले तो काळ कसा होता ते पाहा. १८३९ मध्ये दोन पारशी तरुणांनी ख्रिस्ती धर्म घेतला तेव्हा शहरात केवढा गहजब झाला होता! १८४३ मध्ये श्रीपत शेषाद्रीच्या प्रकरणाने ब्राह्मणसमाज हादरला. १८५४ मध्ये बाबा पदमनजी गेले. घरातला शिकलेला मुलगा संध्याकाळी घरी येईल की नाही, ही आईबापांची धास्ती खोटी नव्हती. अशा वेळी मिशनऱ्यांना त्यांच्याच रीतीने, चव्हाट्यावर, लोकांच्या भाषेत उत्तर देणारा कोणी हवा होता. तो विष्णुबुवांच्या रूपाने मिळाला.

१५ जानेवारी १८५७ पासून २८ मे १८५७ पर्यंत, दर गुरुवारी संध्याकाळी, मुंबईच्या पश्चिमेकडच्या समुद्रकिनारी सभा भरे. एका बाजूस विष्णुबुवा, दुसऱ्या बाजूस मिशनरी आणि त्यांत प्रामुख्याने बोवेन. भोवती वाळूत बसलेला मोठा जनसमुदाय. सृष्टी देवाने कशातून निर्माण केली, पापाचा उगम कोठे, एकाच्या मरणाने दुसऱ्याचे पाप कसे फिटते, देव न्यायी असेल तर आदिपुरुषाच्या चुकीची शिक्षा सगळ्या मानवजातीला का, असे सवाल एकीकडून. पुराणांतल्या देवांच्या कथा, मूर्तिपूजा, जातिभेद यांवर सवाल दुसरीकडून. कल्पना करा: रेल्वे येऊन चार वर्षे झालेली, विद्यापीठ त्याच वर्षी जुलैत स्थापन व्हावयाचे आहे, मे महिन्यात मेरठला उठावाची ठिणगी पडून उत्तर हिंदुस्थान पेटलेला आहे, आणि मुंबईच्या किनाऱ्यावर सरकारच्या धर्माचा एक गोरा माणूस आणि एक लंगोटीतला ब्रह्मचारी जीव आणि शिव यांविषयी प्रश्नोत्तरे करीत आहेत. शेवटची सभा झाली तेव्हा मेरठच्या घटनेला अठरा दिवस लोटले होते. हातघाईवर प्रकरण गेले असते तर नवल नव्हते.

या वादात जिंकले कोण? आपल्याकडच्या चरित्रांत विष्णुबुवांनी पाद्र्यांची दाणादाण उडवली असे वर्णन आढळते. उलट पक्षाच्या लिखाणात नेमके उलटे आहे. आता इतिहासाच्या अभ्यासकाला आनंद व्हावा अशी गोष्ट सांगतो: या वादाची दोन पुस्तके आहेत. बोवेन यांनी त्याच वर्षी, १८५७ मध्ये, इंग्रजीत वृत्तान्त प्रसिद्ध केला. विष्णुबुवांच्या बाजूचा मराठी ग्रंथ 'समुद्रकिनारीचा वादविवाद' हा १८७२ मध्ये, म्हणजे बुवा १८ फेब्रुवारी १८७१ रोजी निवर्तल्यानंतर, बाहेर आला. एकच वाळू, एकच गुरुवार आणि साक्षीदार दोन! प्रत्येकाच्या पुस्तकात त्याची स्वतःची उत्तरे लांब आणि दुसऱ्याची आखूड असावीत, हा मनुष्यस्वभावच आहे. त्यात कोणा एकाला खोटे ठरवण्याचे कारण नाही. माझे स्वतःचे मत विचाराल तर तर्काच्या चपळाईत विष्णुबुवा सरस होते. ख्रिस्ती मताच्या ज्या सांध्यांवर त्यांनी बोट ठेवले ते सांधे युरोपातल्या विचारवंतांनाही सतावीत होते. पण जातिभेदाचा प्रश्न निघाला की आपली बाजू लंगडी पडे, आणि हे बुवांनाही उमगले असले पाहिजे. कारण पुढे त्यांनी स्वतःच गुणकर्मावर वर्ण ठरावा असा आग्रह धरला आणि १८६७ मध्ये 'सुखदायक राज्यप्रकरणी निबंध' लिहून सगळी प्रजा एक कुटुंब आणि जमीन सर्वांची असे राज्य कल्पिले. वादात प्रतिपक्षाला दिलेले उत्तर माणूस रात्री घरी जाऊन स्वतःलाही देत बसतो. बुवांचे तसे झाले असावे असा माझा तर्क आहे. पुरावा मागू नका.

असो. बुवा १८७१ च्या फेब्रुवारीत गेले आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मुंबईत विल्यम टेलर आले. येथे प्रार्थनामंदिराची कथा खऱ्या अर्थाने सुरू होते.

टेलर हे बोवेनहून अगदी निराळे रसायन. जन्म १८२१, व्हर्जिनियाचा डोंगराळ मुलूख. १८४९ मध्ये सोन्याच्या शोधात जगभरचे लोक कॅलिफोर्नियाला धावत होते तेव्हा हे सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवर, जुगाराच्या अड्ड्यांसमोर उभे राहून गाणी म्हणत आणि प्रवचने देत. दाढी छातीपर्यंत, आवाज मैदानभर जाणारा. स्वतःची पुस्तके विकून प्रवासखर्च भागवायचा, हा शिरस्ता. ऑस्ट्रेलिया झाले, दक्षिण आफ्रिका झाली. १८६६ मध्ये आफ्रिकेत चार्ल्स पामला या दुभाष्याच्या साहाय्याने त्यांनी हजारो माणसे पंथात आणली. हिंदुस्थानातही तसेच होईल असा त्यांचा समज होता. तो फोल ठरला. मुंबईचा श्रोता दुभाष्याच्या तोंडून आलेल्या भावनेने विरघळणारा नव्हता. समुद्रकिनारी गुरुवारच्या सभा ऐकलेले हे शहर!

मग टेलर इंग्रजी बोलणाऱ्यांकडे वळले. रेल्वेचे नोकर, कचेऱ्यांतले कारकून, सैन्यातून निवृत्त झालेले, अँग्लो-इंडियन कुटुंबे. हा वर्ग नावाने ख्रिस्ती. पण गोऱ्या साहेबांच्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसणारा आणि देशी मंडळीत न मिसळणारा. त्यांच्या घरोघरी लहान लहान मंडळ्या जमू लागल्या. त्यांच्या विनंतीवरून १८७२ च्या आरंभी मुंबईत मेथडिस्ट मंडळीची स्थापना झाली. यात एक कायदेभंगही होता. मेथडिस्टांचे हिंदुस्थानातले काम १८५६ पासून विल्यम बटलर यांनी बरेलीकडे सुरू केलेले. त्यांचा मुलूख गंगेच्या पलीकडचा, आणि इतर मिशनांशी सीमांबाबत समजूत झालेली. टेलर यांनी ती सीमा सरळ ओलांडली. 'आमच्या शेतात तुमचा नांगर कशाला?' अशी कुरकुर इतर पंथांनी केली. टेलर यांचे उत्तर असे की, आम्ही अमेरिकेतून पैसा आणीत नाही. येथल्या मंडळीने येथला खर्च सोसावा. स्वावलंबन हे त्यांचे ब्रीद.

हेच ब्रीद बोवेन तेवीस वर्षे एकट्याने आचरीत होते. म्हणून पंचावन्नाव्या वर्षी हा एकांडा शिलेदार टेलर यांच्या तुकडीत दाखल झाला. टेलर १८७५ मध्ये हिंदुस्थान सोडून गेले आणि पुढे आफ्रिकेचे बिशप झाले. मागे राहिला तो बोवेन यांचा आधार. येथे मला एक खंत नोंदवावीशी वाटते. ज्याने मराठी माणसासाठी बंगला सोडला, त्याच्या नावाचे मंदिर इंग्रजी उपासनेसाठी प्रसिद्ध व्हावे, हा दैवाचा खेळ आहे. मंडळीला बोवेन यांचे शील मिळाले. बोवेन यांना मात्र हवा होता तो श्रोता मिळाला नाही. ५ फेब्रुवारी १८८८ रोजी मुंबईतच त्यांचा अंत झाला. चाळीस वर्षांत ते एकदाही मायदेशी गेले नाहीत.

आता मघाच्या मित्राचा प्रश्न. टेलर मुंबईहून पुण्यास गेले. अमेरिकेहून १८७२ मध्ये आलेल्या डॅनियल फॉक्स यांनी तेथले काम पाहिले. पुण्याच्या त्या सभांना कुतूहलाने गेलेला विल्यम ओल्डहॅम हा बंगलोरचा जन्मलेला तरुण भूमापक त्यात ओढला गेला आणि १८८५ मध्ये त्याने सिंगापुरात जाऊन या पंथाचे काम उभारले. पुण्याची ठिणगी मलायात पडली. आणि याच पुण्यात, याच दशकात, १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली, जिच्या वंशातली ही आपली व्याख्यानमाला. व्यासपीठावरून लोकांशी बोलण्याची ओढ त्या काळच्या हवेतच होती, आणि मिशनऱ्यांच्या चव्हाट्यावरच्या वक्तृत्वाने तिला डिवचले होते, हे कबूल करण्यात कमीपणा नाही.

१८७४ मध्ये टेलर सिकंदराबादेस पोचले, म्हणजे निजामाच्या राज्यात आले. तेथून शतकाच्या अखेरीस विकाराबाद आणि बीदरकडे मेथडिस्टांचे काम पसरले. बीदर आपणास परके नाही. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यातच होते. मुंबईत जे दुभाष्याकडून साधले नाही ते या मुलखात निराळ्या वाटेने साधले. गावकुसाबाहेरच्या माणसाने या धर्माकडे पाहिले ते वादविवाद ऐकून नव्हे. त्याला शाळेत बसता येईल का, दवाखान्यात हात लावून नाडी पाहतील का, सर्वांबरोबर एका ओळीत बसून गाता येईल का, हे त्याचे प्रश्न होते. समुद्रकिनारी जीव आणि शिव यांवर जे बोलले गेले त्यात हे तीन प्रश्न कोणीच पुरतेपणी हाताळले नव्हते. ना बोवेन यांनी, ना विष्णुबुवांनी. धर्मांतरावर आपण रागावतो. रागावण्यापूर्वी त्या माणसाला आपण कोठे बसवीत होतो, हे आठवावे.

१९८१ मध्ये भारतातले मेथडिस्ट चर्च अमेरिकेच्या व्यवस्थेपासून वेगळे होऊन स्वायत्त झाले. टेलर यांचे स्वावलंबन एकशे नऊ वर्षांनी कागदावर उतरले म्हणावयाचे. अपोलो बंदराच्या मंदिरावर नाव मात्र बोवेन यांचेच राहिले. पुन्हा मुंबईस जाल तेव्हा गेटवेवरून परतताना ती पाटी शोधा. तेथून पश्चिमेकडच्या किनाऱ्यावर येऊन उत्तरेकडे चालत गेलात तर चौपाटीपर्यंत पोचाल. तो किनारा आता पूर्वीचा राहिलेला नाही. पुष्कळ भागावर भराव पडून रस्ते आणि इमारती झाल्या आहेत, आणि गुरुवारच्या त्या सभांची खूण वाळूत कोठेही दिसत नाही. ती दोन पुस्तकांत मात्र आहे, आणि कोणी तरुण अभ्यासक ती दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून वाचील तर त्याला मी माझ्याकडची सर्व टिपणे आनंदाने देईन.